पहिल्यांदा ग्वाल्हेरला येताय? सकाळी पोट, संध्याकाळी कान

पुण्या-मुंबईचे बहुतेक पाहुणे आग्र्याहून झाशीकडे जाताना मधे चार तास ग्वाल्हेरला उतरतात, किल्ल्यावर फोटो काढतात नि पुढची गाडी पकडतात. असं करू नका. निदान एक रात्र तरी राहा, कारण इथलं खाणं सकाळचं नि गाणं संध्याकाळचं, चार तासवाल्यांच्या वाट्याला फक्त दुपारचं ऊन येतं.

येणं सोपं आहे, मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम थेट येते. हॉटेल स्टेशन-पडावकडे बघा. शहर म्हणजे खरं तर तीन गावं, किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, मुरार, आणि शिंद्यांची छावणी पडली ते लष्कर. आम्हा मराठी लोकांची जुनी घरं जास्त करून लष्करात, आणि आमची मराठी थोडी हिंदीच्या अंगाने जाते, तेवढं सांभाळून घ्या.

सकाळी लवकर बाड्यावर या. महाराज बाडा म्हणजे लष्करचा मुख्य चौक, रिक्षावाल्याला नुसतं 'बाडा' म्हटलं तरी पुरतं. त्या बाजूच्या गल्ल्यांत बेडई खायची, म्हणजे आत डाळीचं सारण भरलेली जाडसर पुरी, सोबत बटाट्याची पातळ, हिंगाची झणझणीत भाजी. रस्सा परत मागायला लाजू नका, सगळेच मागतात. उशिरा उठून गेलात तर कचोरी मिळेल, तीही वाईट नाही, पण बेडईची मजा वेगळी. गोडासाठी नया बाजारातलं बहादुरा, साजूक तुपातले बुंदीचे लाडू नि गुलाबजाम, अटलजींना इथले लाडू फार आवडायचे. आत शोभेचं काही शोधू नका, जुनं साधं दुकान आहे, लाडू घ्या नि उभ्याउभ्या खा.

मग किल्ला. गाडी उरवाई गेटने वर जाते, वाटेत कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती लागतात. पाय चांगले असतील तर मात्र ग्वाल्हेर गेटने चढा, खाली गुजरी महाल लागतो (आत म्यूझियम आहे, सोमवार टाळा) आणि वाटेत छोटंसं चतुर्भुज मंदिर, जे लोक धापा टाकत मागे टाकून जातात. तिथे इ.स. 876 च्या शिलालेखात 270 नि 50 हे आकडे आहेत, शून्यासकट, नीट गोल काढलेलं. वर मानमंदिर, निळ्या टाइल्सवाला महाल. तो बांधणारा राजा मानसिंह तोमर धृपदाचा, म्हणजे ख्यालाच्या आधीच्या जुन्या गायकीचा, मोठा आश्रयदाता होता, म्हणजे गाण्याची गोष्ट इथूनच सुरू होते. जयविलास पॅलेस वेळ उरला तर, झुंबरं नि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघायची.

आता गाणं. तानसेनची कबर हजीऱ्याला, सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात. मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघण्यासारख्या आहेत, तानसेनची कबर अगदी साधी, आणि शेजारी चिंचेचं झाड, त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणतात. चघळून बघा, आंबट लागतो, पुढचं तुमचं नशीब. जमलं तर डिसेंबरातच या, तेव्हा तानसेन समारोह असतो. 1924 पासूनची परंपरा आहे, आणि पहिल्या दिवशी सकाळी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गायन, एकाच जागी होतं, माझ्या मते हे रात्रीच्या मोठ्या नावांपेक्षाही ऐकण्यासारखं आहे. स्वेटर, शाल, कानटोपी सगळं आणा, मांडवात बसल्यावर पाय गारठतात.

डिसेंबर जमत नसेल तर जीवाजीगंजात सरोद घर आहे, उस्ताद हाफिज अली खाँ यांचं घर, आता वाद्यांचं म्यूझियम. 1918 सालचं माधव संगीत महाविद्यालयही अजून चालू आहे, भातखंडेंच्या पद्धतीने शिकवायला काढलेलं. आणि हे ऐकून ठेवा, ग्वाल्हेर घराण्याचे गवई हद्दू-हस्सू खाँ यांच्या इथल्या ख्यालाची तालीम बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य, त्यामुळे तुम्ही तिकडे जे ऐकत मोठे झालात त्यातलं बरंच इथलं आहे. रिकाम्या संध्याकाळी गाण्याची बैठक कुठे आहे ते स्थानिक मराठी माणसाला विचारा, ऑनलाइन शोधून फारसं हाती लागत नाही.

जाताना गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत मिठाई, घ्या, थंडीतच, उन्हाळ्यात मजा नाही. शेजारच्या मुरैनाची जास्त नावाजलेली पण इथेही चांगली मिळते. गुळाची खस्ता मागा, साखरेची नको, आणि डबा बॅगेच्या तळाशी ठेवू नका, घरी पोचेपर्यंत नुसता भुगा होतो.