डेव्हलपर घेताना चाचणी कशी घ्यावी

प्रश्न इंटरनेटवरून उचलू नका. आधी कागद घ्या आणि नवा माणूस पहिल्या महिन्यात काय करणार ते लिहा. आमच्या यादीत निघालं ते असं: दुसऱ्याचा कोड वाचणं, चुका शोधणं, ग्राहकाची तक्रार समजून घेणं. बायनरी ट्री (दोन-दोन फांद्यांत मांडलेली माहिती) उलटं करणं, हे मुलाखतीतलं ठरलेलं कोडं, त्यात कुठेच नव्हतं. होमब्रू हे मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन लिहिणारे मॅक्स हॉवेल गूगलच्या मुलाखतीत त्याच प्रश्नावर अडले, असं त्यांनीच २०१५ मध्ये ट्विटरवर सांगितलं होतं.

अर्ज ढिगानं आले तर आधी दहा मिनिटांचा फिझबझ घ्या: १ ते १०० मोजणारा प्रोग्राम लिहायचा, ३ च्या पटीला ‘फिझ’, ५ च्या पटीला ‘बझ’, दोन्हींच्या पटीला ‘फिझबझ’. हा प्रश्न २००७ पासून फिरतोय, मुलं घोकून येतात. म्हणून ४ आणि ६ द्या. घोकलेला गडी गुणाकार करून २४ ने भागतो. भागायचं असतं १२ ने, कारण ४ आणि ६ चा लसावि तो.

खऱ्या चाचणीसाठी आपल्याच कामातला तुकडा घ्या. आमचा असा आहे: जावास्क्रिप्टचा साठेक ओळींचा प्रोग्राम, बिलांची फाइल आणि ग्राहकाची एक ओळ, ‘बेरीज फारच कमी येते’. गोम अशी, की फाइलमध्ये रक्कम ‘१,२०,०००.५०’ अशी आहे (आकडे अर्थात इंग्रजी) आणि पार्सइंट, म्हणजे मजकुरातून पूर्णांक काढणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, पहिल्याच स्वल्पविरामापाशी थांबतं. एक लाख वीस हजारांचा होतो एक रुपया. कुणी लगेच कोड बदलत सुटतो. कुणी आधी फाइल उघडून एक बिल हातानं ताडून बघतो. मला दुसरा हवा असतो. स्वल्पविराम काढले तरी पार्सइंट रुपयांपुढचे पैसे गाळतंच. ते स्वतःहून हेरणारा भेटला, की मी चहा सांगतो.

चाचणी आधी आपल्याच माणसाला घड्याळ लावून सोडवायला द्या. त्याला वीस मिनिटं लागली तर उमेदवाराला तास द्या. कोड अनोळखी, समोरची माणसं परकी. पहिल्या खेपेला मी हे केलं नाही. ‘दोन तासांचं काम’ म्हणून घरी करायला दिलं, एका मुलीनं त्यात अख्खा शनिवार-रविवार घातला. मग मी स्वतः बसलो, तर नऊ तास लागले. घरी काम द्यायचंच असेल तर त्याचा मोबदला द्या.

लॅपटॉप उमेदवाराचाच असू द्या. गूगल, एआय, काय हवं ते वापरू द्या. नंतर मात्र शेजारी बसून विचारा, ‘ही ओळ का लिहिलीस?’ आणि तिथल्या तिथे एखादा बदल सांगा.

गुण कशाला, किती, हे पहिला उमेदवार यायच्या आधी लिहून ठेवा. दोघा परीक्षकांनी ते वेगवेगळे द्यावेत, मग ताडून बघावेत. नकार असला तरी आठवड्याच्या आत कळवा आणि कुठे चुकलं ते एका ओळीत लिहा. ‘पैसे गळले’ एवढंही पुरतं.