दोन प्लेटा अन् मधात इलेक्ट्रॉन: गणित सोडवायचं कसं

प्लस अन् मायनस चार्ज असलेल्या दोन प्लेटांच्या मधातून जाणारा इलेक्ट्रॉन किती वाकते, हे गणित दिसलं की बारावीच्या पोरायले धडकी भरते, अन् खरं पाह्यलं तं अकरावीतलं प्रक्षेपकाचंच गणित हाये हे. ज्वारीतले पाखरं हाकलाले मचानावरून गोफणीनं आडवा दगड मारला तं तो पुढं जाता जाता खाली येते, पण पुढं जाणं वेगळं अन् खाली येणं वेगळं, एक दुसऱ्याच्या कामात लुडबूड करत नाही. इथं बी तेच.

आधी आकृती काढा, आळस नका करू. वरची प्लेट प्लस, खालची मायनस, फिल्डचा (विद्युत क्षेत्राचा) बाण प्लसकून मायनसकडे. इलेक्ट्रॉन बाणाच्या उलटा, म्हंजे वर वाकते, प्रोटॉन बाणासंग खाली. दिशा इथंच ठरवून टाका अन् पुढं चार्जचा फक्त आकडा घ्या, मायनस चिन्ह नाही, नाही तं त्या मायनसचा शेवटपर्यंत घोळ चालते.

मंग फिल्ड काढा: व्होल्टेज भागिले प्लेटांतलं अंतर, अन् अंतर मीटरमधीच. समजा १०० व्होल्ट, अंतर २ सेंमी, तं फिल्ड ५००० व्होल्ट प्रति मीटर. पोरं इचारतात का सर प्लेटीच्या जवळ जोर जास्त लागत असन ना, तं नाही बाप्पा, मधात कुठंबी सारखाच, म्हणून तं त्याले एकसमान म्हणतात (कडेले थोडं बिघडते, पण पेपरात ते सोडून देतात).

आता त्वरण, म्हंजे चार्ज गुणिले फिल्ड भागिले वस्तुमान. सीईटीत कॅल्क्युलेटर नेता येत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनचं चार्ज भागिले वस्तुमान, १.७६ गुणिले १० चा ११ वा घात, हे पाठच करून ठेवा. त्याले ५००० नं गुणलं की ८.८ गुणिले १० चा १४ वा घात मीटर प्रति सेकंद वर्ग. याच्यापुढं गुरुत्वाचे ९.८ म्हंजे काहीच नाही, म्हणून ते धरत नाही. पण गणितात तेलाचा थेंब आला, मिलिकनच्या प्रयोगासारखा (त्यानं तेलाच्या थेंबावरून इलेक्ट्रॉनचा चार्ज मोजला), तं वजन सोडू नका, तिथं सारा खेळच वजनाचा हाये.

समजा इलेक्ट्रॉन बरोबर मधातून आडवा घुसला, वेग २ गुणिले १० चा ७ वा घात मीटर प्रति सेकंद, प्लेटीची लांबी ५ सेंमी. आडव्या दिशेनं जोरच नाही, मंग वेग बदलन कायले? लांबी भागिले वेग, वेळ आला २.५ नॅनोसेकंद. हाच वेळ उभ्या दिशेले लावा, साऱ्या गणिताची चावी हीच हाये. अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, आलं २.७५ मिमी. वरची प्लेट १० मिमीवर हाये, म्हंजे न धडकता बाहेर निघते. हे तपासाच, कारण धडकत असन तं पुढचं गणितच खोटं.

बाहेर निघाल्यावर वाकणं बंद, तिथून सरळ रेघ. उभा वेग २.२ गुणिले १० चा ६ वा घात, त्याले आडव्या वेगानं भागलं की ०.११, म्हंजे साधारण ६ अंशाचा कोन. पडदा २० सेंमी पुढं असला तं आणखी २.२ सेंमी, एकूण जवळपास २.५ सेंमी वर ठिपका. लॅबमधल्या जुन्या सीआरओत (पडद्यावर विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्रात) ठिपका असाच हालते, अन् थॉमसननं १८९७ मधी इलेक्ट्रॉनचं चार्ज-वस्तुमान गुणोत्तर काढलं तवा बी अशाच प्लेटा वापरल्या होत्या, संग चुंबक बी होता.

पेपर काढणाऱ्यायची आवडती खोडी आता पाहा. त्याच वेगानं प्रोटॉन सोडला तं तो उलट्या बाजूले अन् साधारण १८३६ पट कमी वाकते. पण "वेग सारखा" च्या जागी "गतिज ऊर्जा सारखी" लिहिलं असन तं वस्तुमान कटून जाते अन् दोघंबी सारखेच वाकतात, फक्त दिशा उलटी.