घर उभं, पण धुरानं भरलेलं: विम्याचा क्लेम कसा करायचा

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये लागलेली आग सांता आना नावाच्या कोरड्या, जोरदार वाऱ्यांनी अल्टाडेना गावभर पसरवली. ईटन आणि पॅलिसेड्स या दोन आगींत मिळून १६ हजारांवर इमारती नष्ट झाल्या. पासाडेनातलं आमचं घर वाचलं, आत मात्र काजळी आणि राख. जळून गेलेल्या घराचं नुकसान कुणालाही दिसतं, उभ्या घरातलं तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

म्हणून पहिली गोष्ट: परत गेल्यावर लगेच झाडू-फडकं हातात घेऊ नका. आपल्याला घाण बघवत नाही, पण ती राख हाच तुमचा पुरावा आहे. एन-९५ मास्क लावून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: खिडक्यांच्या खोबणी, कपाटांच्या आतल्या फळ्या, एसीचे फिल्टर, माळ्यावरचं इन्सुलेशन. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना तिथे नेऊच नका.

मग तपासणी. विमा कंपनीनं पाठवलेला सफाईवाला हात फिरवून ‘पुसलं की झालं’ म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. इंडस्ट्रियल हायजिनिस्टकडून, म्हणजे घरातली हवा आणि धूळ तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, नमुने घ्यायला लावा आणि खर्च कंपनीनं द्यावा अशी लेखी मागणी करा. काजळीबरोबर शिसं आणि जुन्या बांधकामात सापडणारं घातक तंतूंचं अ‍ॅस्बेस्टॉसही तपासायला सांगा. अल्टाडेनात १९७८ च्या आधीची, म्हणजे शिशाच्या रंगावर बंदी येण्यापूर्वीची, पुष्कळ घरं जळली आणि त्यांचीच राख आपल्या गाद्यांवर बसली. ‘दिसत नाही, वास येत नाही, म्हणजे नुकसान नाही’ हे उत्तर मान्य करू नका. फेअर प्लॅनच्या (इतर कंपन्या विमा देत नाहीत त्यांच्यासाठीची कॅलिफोर्नियाची विमा योजना) पॉलिसीतली अशीच अट लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं जून २०२५ मध्ये बेकायदा ठरवली.

अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसान किती ते ठरवणारा विमा कंपनीचा माणूस, फोनवर गोड बोलतो. फोन ठेवला की ‘आज आपलं असं बोलणं झालं’ अशी ईमेल त्याला पाठवा. अ‍ॅडजस्टर बदलत राहतात, आणि नव्या माणसाला कागदावर असेल तेवढंच कळतं. पूर्ण पॉलिसीची प्रतही लेखी मागा, ती ३० दिवसांत द्यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार क्लेमची पोच १५ दिवसांत, आणि पुरावे मिळाल्यापासून ४० दिवसांत होकार किंवा नकार यायला हवा. वेळ वाढवायची तर कारण लेखी, आणि नकाराचं कारणही लेखीच.

घर राहण्याजोगं नसेल तर बाहेर राहण्याचा वाढीव खर्च मिळतो. वाढीव म्हणजे नेहमीपेक्षा जास्तीचा: भाडं, लॉन्ड्री, लांबून शाळेत नेण्याचं पेट्रोल, बाहेरच्या जेवणातला फरक. प्रत्येक पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा.

सामानाची यादी सगळ्यात जीव खाते. खोलीवार करा. उशा, गाद्या, मऊ खेळणी, उघडे मसाले, पिठाचे डबे यांची ‘स्वच्छता’ मान्य करू नका. पितळेची समई धुऊन निघते, आजीची गोधडी निघेलच असं नाही. तिची किंमत कुठल्याच रकान्यात बसत नाही, तरी ती यादीत लिहा. पैठणीसमोर ‘साडी’ लिहिलंत तर अ‍ॅडजस्टर वीस-तीस डॉलर धरेल. येवल्याच्या दुकानदाराकडून आजच्या दराचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, लग्नातले फोटो जोडा. पहिला चेक बहुधा घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्यानं घटलेली किंमत, वजा करून येतो. पॉलिसी बदली-किमतीची, म्हणजे तशीच नवी वस्तू घ्यायला लागेल तेवढे पैसे देणारी, असेल, तर वस्तू नव्यानं घेतल्यावर कापलेली रक्कम मागता येते, पण ती मागावी लागते.

चेक आला की मागचा-पुढचा मजकूर वाचा. अर्धवट रकमेसाठी ‘संपूर्ण आणि अंतिम’ अशा कागदावर सही करू नका. घरदुरुस्तीच्या चेकवर कर्ज देणाऱ्या बँकेचंही नाव असतं, त्यामुळे बँकेला आधीच फोन करा. सामानाच्या किंवा भाड्याच्या चेकवर ते नाव आलं, तर चेक बदलून मागा.

एवढं करूनही गाडी अडली तर कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सकडे, म्हणजे राज्याच्या विमा खात्याकडे, ऑनलाइन तक्रार करा. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. खात्याकडून विचारणा गेली की कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीला तुमच्या त्या सगळ्या ईमेल तारीखवार जोडा.