दोन वर्षांनी पुन्हा प्रशिक्षकाशेजारी

सरांनी थ्रॉटल मागं ओढला आणि म्हणाले, "इंजिन गेलं. आता?"

मार्चची सकाळ होती. सेसना १५२ जमिनीपासून अडीच हजार फुटांवर, लांबवर मांजरेचं पात्र. मी आधी वेग ६० नॉटवर आणला आणि तो तिथंच टिकावा म्हणून ट्रिम लावला. या वेगाला विमान सगळ्यात लांब तरंगत जातं, इथवर बरोबर होतं. मग डावीकडं एक हिरवागार, सपाट पट्टा दिसला आणि मी तिकडं वळलो. सर गप्प. हजारेक फूट उरल्यावर म्हणाले, "उसात उतरायलास का बाबा?"

ऊसच होता. लातूर जिल्ह्यात वाढलेल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला वरून तो ओळखू आला नव्हता. माणसापेक्षा उंच पिकात चाकं अडकली की विमान उलटतं. सरांनी पुन्हा पॉवर दिली, आम्ही वर चढलो आणि तोच सराव आणखी तीन वेळा केला.

ज्यांच्या हातात खासगी वैमानिकाचा परवाना नुकताच आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. परवाना मिळेपर्यंत कुणीतरी सतत तुमच्याकडं बघत असतं. नंतर कुणी बघत नाही, आणि चुकीच्या सवयी तिथंच मुरतात. अमेरिकेत यासाठी सरळ नियम आहे: दर २४ महिन्यांत प्रशिक्षकासोबत किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. त्यात पास-नापास नसतं. काम समाधानकारक झालं तर प्रशिक्षक लॉगबुकात तशी नोंद करतो, नाहीतर आणखी सराव करायचा. आपले परवाना, मेडिकल आणि अलीकडच्या उड्डाणांचे नियम डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, सध्याच्या कागदांतूनच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मी मात्र दोन वर्षांचा तो हिशेब स्वतःला लावून घेतलाय.

जमिनीवरचा तास हलका समजू नका. सरांनी मला फक्त एकच गणित घातलं होतं. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश. मे महिन्यात दुपारी ४० अंश असतील तर? प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट धरले तर घनता-उंची साडेपाच हजार फुटांच्या घरात जाते. म्हणजे विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, धाव लांब, चढाई मंद. समुद्रसपाटीला हे विमान मिनिटाला ७१५ फूट चढतं असं पुस्तकात आहे. पूर्ण टाकी आणि दोन माणसं घेऊन मे महिन्यातल्या दुपारी तो आकडा विसरायचा. काट्यावर वेग नेहमीचाच ठेवायचा, पण जमिनीवरून विमान जास्त वेगानं पळतंय असं दिसेल. ते बघून नाक वर ओढलं की घात होतो.

आता शेताबद्दल, कारण खरं शिक्षण मला तिथं मिळालं. काळी माती पावसाळ्यात चाक गिळते. उन्हाळ्यात नांगरट झालेलं रान वरून मऊ, तपकिरी दिसतं, पण त्यात डोक्याएवढी ढेकळं असतात आणि पुढचं चाक मोडायला एक पुरतं. मार्चात बरी जागा म्हणजे काढणी झालेलं ज्वारीचं किंवा हरभऱ्याचं रान. उतरायचं पेरणीच्या ओळींच्या दिशेनं, आडवं नाही. वाऱ्याची दिशा जळणाऱ्या पाचटाच्या धुरावरून कळते. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. सर म्हणाले, "विहीर दिसली की डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर शोध, डीपी दिसली की तारा कुठं गेल्यात ते बघ." तेव्हापासून वर असलो की माझी नजर आधी विहिरी शोधते.

शेत ठरल्यावर मगच इंजिन सुरू होतंय का बघायचं: कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा), मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), इंधनाची कळ, इग्निशन. मी हे उलट्या क्रमानं करत होतो. कळांशी झटापट करताना उंची हातची जात होती.

स्टॉलच्या सरावात, म्हणजे पंखांची उचल तुटते तेव्हा, माझा पायानं चालणारा रडर (शेपटीचं सुकाणू) आळसावलेला निघाला. पाय नुसते ठेवलेले, दाबत नव्हते. तीन-चार वेळा केल्यावर सुधारलं. आडव्या वाऱ्यातल्या लँडिंगला पहिल्यांदा मी मधल्या रेषेपासून बाजूला वाहत गेलो आणि गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो. सरांना तो आवडला. ओढूनताणून उतरवण्यापेक्षा पुन्हा वर जाणाऱ्याला ते कधी बोलत नाहीत.

जाण्याआधी दोन गोष्टी करा. विमानाची माहितीपुस्तिका रात्री वाचून जा, निदान वेगांचं आणि आणीबाणीचं प्रकरण. आणि आपलं काय कच्चं आहे ते प्रशिक्षकाला स्वतःहून सांगा. मी स्टॉलची भीती सांगितली म्हणून आम्ही त्यावर वेळ घालवला, नाहीतर तो सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारण्यात गेला असता.

उतरल्यावर सरांनी लॉगबुकात वेळ लिहिली, सही केली. मग म्हणाले, "खरिपात एकदा ये. तेव्हा सगळंच हिरवं असतं, सोयाबीन कुठलं अन् ऊस कुठला ते बघू." ऑगस्टमधली एक सकाळ मी धरून ठेवलीय, पावसानं उघडीप दिली तर.