तेरा फुटी जुना ट्रेलर: कपाटं आणि हीटर बदलताना या चुका टाळा

१९५०-६० च्या दशकांतला शास्तासारखा लाकडी सांगाड्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा ट्रेलर असो, की १९६८ पासून कॅनडात बनू लागलेला फायबरग्लासचा बोलर, गाडीमागे ओढायचा आणि आत मुक्काम करायचा असा ट्रेलर घेणाऱ्यांच्या तक्रारी दोनच असतात. सामान मावत नाही आणि रात्री थंडी वाजते. ही दोन वेगळी कामं समजून हाती घेतली जातात आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. १३ फूट ही लांबी हिचसकट (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यासकट) मोजलेली असते, आतली जागा जेमतेम १० फूट. तिथे हीटर एखादा खण खाऊनच बसतो आणि नवा खण बहुतेक वेळा हीटरचा वारा अडवूनच होतो. म्हणून कुठला हीटर आणि कुठे, हे आधी ठरवा. कपाटांना हात नंतर.

जुनं कपाट ‘उगाच जागा अडवतंय’ म्हणून काढणं

फायबरग्लासच्या ट्रेलरमध्ये कपड्यांच्या कपाटाची उभी बाजू म्हणजे छताचा टेकू. ती काढली की छत मधोमध दबतं, पावसाचं पाणी तिथे साचतं आणि काही महिन्यांनी दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागतं. दार घासलं की लोक बिजागऱ्या बदलत बसतात. दुखणं छतात असतं. कपाट काढायचंच असेल तर आधी छताखाली आडवी फळी आणि उभा वासा लावून ते मूळ उंचीला आणा, नवी उभी बाजू किंवा प्लायवुडची कमान पक्की करा, आणि मगच जुनं सोडवा.

लाकडी ट्रेलरची अडचण वेगळी. भिंतीतल्या पट्ट्या बहुधा पाऊण इंच जाड आणि दीड इंच रुंद, आतलं प्लायवुड फक्त १/८ इंचाचं. नुसत्या प्लायवुडमध्ये घुसलेला स्क्रू घरी घट्ट वाटतो आणि पहिल्या खडबडीत रस्त्यावर उपटून येतो. कपाट पट्टीवरच टांगलं पाहिजे. पट्टी कुठे आहे ते आतल्या बारीक खिळ्यांच्या रांगेवरून कळतं. त्या जागी टोच्या रोवून पाहा. तो लोण्यात गेल्यासारखा गेला तर पट्टी कुजलेली आहे आणि तुमचं पहिलं काम कपाट नसून गळती बंद करणं आहे.

एक सूचना तोडफोडीआधीची. जुन्या हीटरमागचा पांढरट-राखाडी तक्ता आणि जमिनीच्या फरशा यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, तोवर घासू किंवा कापू नका.

वजन मोजायचं विसरणं

पाऊण इंची प्लायवुडचा ४ बाय ८ फुटांचा एक पत्रा ६० पौंडांच्या पुढे जातो, पाव इंचीचा साधारण २२ पौंड भरतो. घरातल्या कपाटासारखं जाडजूड काम करणाऱ्यांचा ट्रेलर रिकामा असतानाच अ‍ॅक्सलच्या मर्यादेजवळ पोचतो. चौकट पाऊण इंची पट्ट्यांची आणि पॅनल पाव इंची ठेवलं की पुरेसं मजबूत होतं.

वजन किती, इतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. मागच्या बंपरवर पेटी टांगली की तरफेसारखी ती पुढचा भार उचलते आणि हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो. कुकर, जड तवा, तांदळाची पिशवी, पाण्याचे कॅन हे सगळं खाली आणि अ‍ॅक्सलच्या आसपास. वरच्या खणात चादरी आणि पोह्याचे डबे. सामान भरून एकदा ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घ्या. चुंबकाच्या कड्या वरच्या दारांना पुरत नाहीत, खटका असलेलीच कडी लावा.

बाकाखालचा खण हवाबंद करणं

एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलोच्या वर पाण्याची वाफ होते. त्यात दोन माणसांचा श्वास आणि भाताची वाफ. ही वाफ सगळ्यात थंड पृष्ठभाग शोधते, आणि तो असतो बाकाच्या आत, बाहेरच्या पत्र्याला लागून. तिथे गच्च भरलेल्या कपड्यांना आठवड्यात कुबट वास येतो. खणाच्या पुढच्या फळीला वर-खाली एकेक इंचाची भोकं पाडा, सामान भिंतीपासून बोटभर लांब ठेवा आणि गादीखाली फळ्यांची जाळी करा. पत्र्याच्या आत स्प्रे फोम मारायचा मोह टाळा. तो फुगताना पत्रा वाकवू शकतो, आणि पुढे गळती झाली तर पाणी लाकडाशीच कोंडतं. तासलेले फोमचे तक्ते बरे.

हीटर ‘मोठा तेवढा चांगला’ समजणं

हिशेब सोपा आहे. १३ फुटी ट्रेलरचं भिंती, छत आणि जमीन मिळून क्षेत्रफळ सुमारे ३३० चौरस फूट. इन्सुलेशन सरासरी आर-३ धरा (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप). बाहेर ३० आणि आत ७० अंश फॅरेनहाइट, म्हणजे फरक ४०. ३३० भागिले ३ गुणिले ४० म्हणजे तासाला ४,४०० बीटीयू (उष्णतेचं एकक), आणि फटींतून जाणारी हवा धरून साडेपाच हजार. बाजारात सहज मिळणारा १६,००० बीटीयूचा फर्नेस (पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर) इथे तिप्पट होतो: पाच मिनिटं भट्टी, मग थंडी, पुन्हा भट्टी, आणि पंख्याच्या आवाजाने झोपमोड. त्यापेक्षा ६,००० ते ७,००० बीटीयूचा, ज्वलनाची हवा बाहेरून घेऊन धूरही बाहेरच सोडणारा हीटर घ्यावा. प्रोपेक्स एचएस-२००० हा या मापाचा आहे आणि बाकाखाली बसतो. निम्मा वेळ चालला तर रात्रीच्या १० तासांत सुमारे दीड पौंड प्रोपेन लागतो, म्हणजे २० पौंडांचं सिलिंडर १३ रात्री पुरतं.

धूर आत सोडणारे हीटर, कॅटॅलिटिकसुद्धा (ज्योतीशिवाय गॅस जाळणारे), झोपताना बंदच हवेत. खिडकी उघडी ठेवून ते वापरायचे म्हणजे मिळालेली ऊबही त्याच खिडकीतून जाते. ‘बडी’ नावाच्या, उचलून नेता येणाऱ्या प्रोपेन हीटरसारख्या हीटरला ऑक्सिजन कमी झाल्यास बंद पडण्याची सोय असते, म्हणून ७,००० फुटांहून उंचावरच्या मुक्कामाच्या तळांवर तो उगाच विझतो. त्या सोयीला बगल द्यायचा प्रयत्न करू नका. मूळचा जुना गॅस हीटर दिसायला गोड असतो. भिंतीवर शोभेला ठेवा आणि त्याची गॅसची नळी बुच मारून बंद करा. शेगडी पेटवून खोली गरम करणं तर सोडूनच द्या. जुन्या ट्रेलरच्या जमिनीतल्या हवेच्या जाळ्या ‘थंडी येते’ म्हणून बुजवू नका, त्या गॅससाठीच ठेवलेल्या असतात.

प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ. दोन्हींवर मुदत छापलेली असते, ती पाहा.

विजेची जोडणी असलेल्या तळावर १,५०० वॉटचा विजेचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. जुन्या १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत १२ पेक्षा जास्त चालवायचे नसतात. ७५० वॉटच्या खटक्यावरच ठेवा, आणि प्लग हाताला गरम लागला तर लगेच काढा.

बसवला, पण चालत नाही

पंखा फिरतो, ज्योत पेटत नाही: व्होल्टेज बॅटरीपाशी न मोजता हीटरच्या तारांवर, पंखा चालू असताना मोजा. ते १०.५ च्या खाली गेलं की पंखा मंदावतो, वाऱ्याने दबणारा स्विच लागत नाही आणि ठिणगीच पडत नाही. दोष बहुधा चासीला जोडलेल्या गंजक्या अर्थिंगचा.

ज्योत पेटते, थोड्या वेळाने विझते, पंखा चालूच राहतो: हवा परत येण्याची वाट बंद झाली आहे. नव्या खणातलं सामान जाळीला टेकलं असणार. आतला तापमानाचा स्विच सुटतो, थंड झाला की पुन्हा लागतो. थर्मोस्टॅट बदलायला धावू नका. जाळीपुढे लाकडी कठडा लावून मोकळी जागा राखा. किती चौरस इंच उघडं हवं ते हीटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

सगळ्याच बर्नरांची ज्योत बारीक: सिलिंडर घाईने उघडलं की त्यातली सुरक्षा झडप प्रवाह आवळते. सगळं बंद करा, दोन मिनिटं थांबा, सावकाश उघडा. तरीही तसंच असेल तर मॅनोमीटरने (दाब मोजायच्या यंत्राने) गॅसचा दाब पाहून घ्या; तो ११ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला) हवा.

गॅसचा वास: सिलिंडर बंद, दार उघडं, कुठलाही स्विच न दाबता बाहेर. हवा मोकळी झाल्यावर सिलिंडर पुन्हा सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी लावा, मात्र अमोनिया किंवा क्लोरीन असलेला साबण नको, तो पितळ खातो. तांब्याच्या नळीच्या फ्लेअर जोडाला (नळीचं तोंड पसरवून केलेल्या जोडाला) टेप लावायची नसते. जोड टेपशिवाय गळत असेल तर नळीचं तोंडच खराब झालं आहे. तेवढा तुकडा कापा आणि तोंड नव्याने पसरवा.