दोन रात्री बोटीत, एक दिवस डेल्फ्टमध्ये

लंडनला नोकरीनिमित्त राहणारी किंवा तिथे लेकीकडे, मुलाकडे आलेली आपली माणसं 'कालव्यांचं शहर' म्हटलं की ॲमस्टरडॅमचं नाव घेतात. हाताशी एकच दिवस असेल तर माझं मत नेदरलँड्समधल्याच डेल्फ्ट या छोट्या गावाला. ॲमस्टरडॅम एका दिवसात पुरत नाही, आणि त्यातलाही बराच वेळ रांगांत जातो. डेल्फ्ट संध्याकाळपर्यंत पायाखालचं होतं. हॉटेलही लागत नाही. शुक्रवारी रात्री इंग्लंडातल्या हार्विच बंदरातून बोट धरायची, शनिवार डेल्फ्टमध्ये काढायचा, त्याच रात्री परतीच्या बोटीत झोपायचं आणि रविवारी सकाळी इंग्लंडात.

सगळ्यात आधी कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतोच. ब्रिटनचा व्हिसा आहे म्हणून नेदरलँड्समध्ये कोणी आत सोडत नाही. अर्ज सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि निघायच्या किमान १५ दिवस आधी तो पोचायला हवा. उन्हाळ्यात मात्र भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, तेव्हा दोन-तीन महिने हातात ठेवा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. हॉटेल नसल्यामुळे जाता-येताच्या केबिनच्या पावत्या आणि दिवसभराचा बेत लिहून अर्जाला जोडा, म्हणजे राहणार कुठे हा प्रश्न उरत नाही. आई-बाबा भेटीच्या व्हिसावर आले असतील तर त्यांना ब्रिटनमध्ये पुन्हा प्रवेश मिळतो ना, हे तपासा. आणि ब्रिटनचा ई-व्हिसा असेल तर तो चालू पासपोर्टला जोडलाय ना, हेही निघायच्या आधीच पाहा, धक्क्यावर नको.

हार्विच आणि बोट

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून हार्विच इंटरनॅशनलला गाडीने साधारण दीड तास लागतो, बहुतेकदा मॅनिंगट्रीला गाडी बदलून. गाडी आणि बोट मिळून एकच तिकीट मिळतं, ते घ्या. बोट रात्री ११च्या सुमारास सुटते, पण शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. एक गाडी आधीची धरली तर निवांत चढून जेवताही येतं.

रात्रीच्या फेरीत केबिन घ्यावीच लागते. ही बोट म्हणजे गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच नव्हे. स्टेना हॉलंडिका आणि स्टेना ब्रिटानिका या दोन्ही जहाजांची लांबी सुमारे २४० मीटर आहे, पोटात ट्रकच्या रांगा उभ्या असतात. तरीही उत्तर समुद्र हिवाळ्यात बिनसतो. ज्यांना बोट लागते त्यांनी शक्यतो मधल्या भागातली, खालच्या मजल्याची केबिन मागावी आणि खिशात आलेपाक ठेवावा. झोपताना घड्याळ एक तास पुढे करा.

हूक ऑफ हॉलंड ते डेल्फ्ट

सकाळी ८ला बोट हूक ऑफ हॉलंड या डच बंदरात पोचते. पासपोर्टची रांग संपली की मेट्रोचं स्टेशन समोरच. बी मार्गिकेने स्कीडाम सेंट्रुमला उतरायचं, तिथून डेल्फ्टची रेल्वे, पुढचा प्रवास दहाएक मिनिटांचा. वेगळं तिकीट नको, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं. फक्त मेट्रोतून रेल्वेत जाताना मेट्रोच्या यंत्रावर कार्ड टेकवून बाहेर पडायचं आणि रेल्वेच्या यंत्रावर पुन्हा टेकवायचं. मी पहिल्या खेपेला हे विसरलो आणि नाहक जास्तीचे पैसे भरले.

डेल्फ्टच्या स्टेशनात घाईने बाहेर पडू नका. वर बघा: छतावर १८७७ सालचा शहराचा नकाशा आहे.

दिवस कसा घालवावा

डेल्फ्ट हे नावच 'खणणे' या अर्थाच्या डच शब्दावरून आलंय. जो कालवा खणला तो आउडे डेल्फ्ट, म्हणजे जुना डेल्फ्ट. सुरुवात त्याच्याच काठाने करा. कालव्याला कठडे नाहीत, लहान मुलांचा हात सोडू नका. लाल पट्टा सायकलींचा, त्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांवर घंटा वाजते.

याच काठावर ३९ क्रमांकाची इमारत म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या डेल्फ्ट शाखेची जुनी कचेरी. आपल्या बखरींतले वलंदेज ते हेच. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेली कंपनीही हीच. ती पडकी वखार पाहिलेल्या माणसाला या दारापाशी दोन मिनिटं थांबल्यावाचून राहवत नाही.

पुढे आउडे केर्क, म्हणजे जुनं चर्च. त्याचा मनोरा जवळपास दोन मीटर कललाय, कारण तो बुजवलेल्या कालव्यावर उभा आहे. आत चित्रकार फेर्मीर आणि सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा लेवेनहुक, दोघांच्या कबरी. दोघेही याच गावात १६३२ साली जन्मले. समोरच्या प्रिन्सेनहोफमध्ये १० जुलै १५८४ रोजी स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम याची हत्या झाली, भिंतीत गोळ्यांची भोकं अजून दाखवतात. तिथे आता संग्रहालय आहे; ते मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवलं होतं, उघडलंय का पाहून जा.

गावच्या मुख्य चौकातल्या नियूवे केर्कमध्ये, म्हणजे नव्या चर्चमध्ये, विल्यमची समाधी आहे. मनोऱ्याला ३७६ पायऱ्या. गुडघे साथ देत असतील तर चढा, नसतील तर खाली सफरचंदाचा केक खात बसा. चुकलं फारसं काही नाही. दोन्ही चर्चचं तिकीट एकत्र मिळतं. रविवारी प्रार्थनेमुळे ती पर्यटकांना बंद असतात, म्हणून शनिवारच बरा.

एक गैरसमज काढून टाका: फेर्मीरचं एकही मूळ चित्र डेल्फ्टमध्ये नाही. 'डेल्फ्टचं दृश्य' शेजारच्या हेगमधल्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. ते जिथून दिसतं ती जागा मात्र इथेच, गावाच्या दक्षिणेला होइकाडेच्या काठावर. दुपारनंतर तिथे जा.

निळी भांडी घेणार असाल तर बूड पाहून घ्या. चौकातल्या स्वस्त भांड्यांवर छापील नक्षी असते. हाताने रंगवलेल्या भांड्याच्या तळाशी चित्रकाराची खूण असते, किंमतही तशीच. ही कला चिनी मातीच्या नकलेतून आली. चीनमधल्या यादवीत माल येईना, तेव्हा इथल्या कुंभारांनी बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यांत भट्ट्या थाटल्या. १६५३ साली सुरू झालेला रॉयल डेल्फ्ट कारखाना आजही चालू आहे.

शाकाहारी असाल तर चीज-पाव आणि बटाट्याच्या काड्या कुठेही मिळतात. सुरिनामी (दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतली) खाणावळ दिसली तर रोटी-भाजी मागा. भारतातून १८७३ पासून सुरिनामला गेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, ती रोटी आहे.

परत फिरताना

संध्याकाळी ७ला डेल्फ्ट सोडा. बोट रात्री १०ला सुटते, आणि मेट्रोला उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. उन्हाळ्यात तोवर उजेड असतो, डेकवर थांबलात तर मागे बंदराच्या क्रेन दिसत राहतात. झोपण्याआधी घड्याळ एक तास मागे करा. सकाळी साडेसहाला हार्विच. रविवारी रुळांच्या कामामुळे कधीकधी गाडीऐवजी बस असते, ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.