जुन्या लष्करी गाडीचा मूळ रंग जुळवताना या चुका टाळा

हिंगणघाटकडच्या एका गावात गोठ्याच्या भिंतीला लागून कित्येक वर्षं उभी असलेली जोंगा, म्हणजे जीपसारखी जुनी लष्करी गाडी, आमच्या शेडमध्ये आली, तेव्हा तिच्या अंगावर पिवळा रंग होता. त्याखाली निळा, आणि मडगार्डच्या कडेचा टवका उडाला होता तिथे हिरव्याची बारीक रेघ. मालकाच्या वडिलांनी ती लिलावातून घेऊन शेतीच्या कामाला लावली होती. आमचा पेंटर त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "हिरवा तं हिरवाच असते ना भाऊ, त्यात का पाहाचं?" तालुक्याच्या दुकानातून 'मिलिटरी ग्रीन' म्हणून मिळालेला डबा आणला आणि एक मडगार्ड मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ते मडगार्ड त्या गाडीचं वाटेचना. रंग निळसर होता आणि चकाकत होता. तो उतरवण्यात दोन दिवस गेले.

आधी ग्राइंडर लावू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी शेडमध्ये आली की उत्साहात सगळा जुना रंग पत्र्यापर्यंत काढला जातो, आणि गाडीचा एकमेव खात्रीचा पुरावा धुळीत जातो. नंतर कितीही फोटो जमवले तरी तो परत मिळत नाही.

मूळ रंग ऊन-पाऊस न लागलेल्या जागी टिकतो. सीटखालच्या पेटीत, डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला, नंतर बसवलेल्या ब्रॅकेटखाली, रबरी पट्टीच्या आत, सूचनांच्या पाटीमागे. (चेसिस नंबरच्या पाटीला मात्र हात लावू नका, कागदपत्रांचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.) बॅटरीजवळचा नमुना घेऊ नका, तिथे आम्लाने रंग बिघडलेला असतो.

जागा सापडली की ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढ्या जागेवर हलक्या हाताने गोल घासा. मध्यभागी पत्रा दिसू लागला की थांबा आणि कडा १००० नंबरने पसरवत न्या. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर एकाबाहेर एक दिसतात. आमच्या जोंगात पत्र्यावर प्रायमर, मग दोन वेगळे हिरवे, मग निळा, मग पिवळा असे थर निघाले. अशी खिडकी किमान तीन ठिकाणी उघडा, कारण एखादा भाग दुसऱ्या गाडीचा बसवलेला असू शकतो.

दोन हिरव्यांपैकी कोणता धरायचा? लष्कराच्या नोकरीत असताना या गाड्या पुन्हा रंगवल्या जात, त्यामुळे दोन्ही खरेच. प्रायमरला चिकटलेला थर कारखान्यातला असण्याची शक्यता जास्त. वरचा थर तिच्या नोकरीतला. गाडी कोणत्या काळातली दाखवायची ते आधी मालकाबरोबर ठरवा. मला स्वतःला पहिला थर जवळचा वाटतो.

घासायचं ते ओलं करूनच. जुन्या हिरव्या-पिवळ्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं आणि क्रोमेट ही विषारी द्रव्यं असू शकतात. कोरडी धूळ छातीत जाते, कपड्यांवरून घरात येते. चांगला मास्क लावा, लेकरांना शेडपासून लांब ठेवा, घासलेलं पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या टाक्याकडे जाऊ देऊ नका.

दुसऱ्या गाडीवरून रंग उचलू नका

कामठीची छावणी आणि पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ असल्यामुळे आपल्याकडे लष्करी गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या असतात, आणि 'तो रंग मला माहीत आहे' अशी खात्री असते. पण रस्त्यावर दिसणारी आजची गाडी आणि जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या 'पॅट्रोल' या गाडीवरून बनलेली जुनी जोंगा यांत मोठं अंतर आहे.

रंगांचे परदेशी तक्ते वापरताना सालं पाहा. रंगांना नंबर देणारा अमेरिकेचा तक्ता, फेडरल स्टँडर्ड ५९५, हा १९५६ सालचा. अमेरिकी लष्कराची विलीज एमबी जीप १९४१ ते १९४५ मध्ये बनली. म्हणजे त्या तक्त्यातला नंबर हा जवळचा अंदाज, मूळ नोंद नव्हे. ब्रिटिश सैन्याने तर एप्रिल १९४४ मध्ये एससीसी २ (एससीसी म्हणजे त्यांच्या रंगांच्या यादीतला नंबर) हा तपकिरी रंग सोडून एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा, घेतला. त्यामुळे त्या काळातल्या ब्रिटिश गाडीवर तपकिरी थर दिसला, तर रेड ऑक्साईड प्रायमर समजून तो घासून टाकू नका.

हिरव्यात काळा मिसळू नका

आमच्या पहिल्या मडगार्डवरच्या डब्यातल्या रंगाचा दोषही बहुधा हाच होता. तयार हिरव्यात काळा टाकला की तो निळसर, थंड दिसतो. अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅबचं मूळ मिश्रण पिवळ्या मातीच्या रंगाचं आणि काळ्याचं. पिवळ्या ऑक्साईडमध्ये थोडा थोडा काळा घालत काचेवर कालवून पाहा, हिरवं काहीच न घालता ऑलिव्ह उमटतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमचा पेंटर बराच वेळ काचेकडेच बघत राहिला. जोंगाचा हिरवा याहून वेगळा होता, पण तिथेही सुरुवात पिवळ्याकडून केली तेव्हाच रंग जवळ आला.

जुळत नसेल तर हे तपासा

नमुन्यावर पांढुरकी पावडर असेल तर तो उन्हाने मेलेला रंग आहे. थोडं पॉलिशिंग कंपाउंड लावून पुसा, खालचा गडद रंग वर येतो. जुळवायचं त्याच्याशी.

ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाहीत. पत्र्याच्या तुकड्यावर गाडीला लावणार तोच प्रायमर मारा, दोन हात द्या, रात्रभर वाळू द्या, मग सावलीत, दिवसाच्या उजेडात नमुन्याशेजारी धरा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर फसवतो.

रंग बरोबर असूनही फिका वाटत असेल तर चकाकी पाहा. मॅट रंग नेहमी फिकट दिसतो. मॅट करणारी पूड डब्याच्या तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी स्प्रे गन भरण्याआधी तळापासून ढवळा. न ढवळता मारलं तर बॉनेट चकचकीत आणि शेवटचं मडगार्ड खडूसारखं होतं.

आपल्या उन्हाळ्याचा वेगळा त्रास आहे. ४५ अंशांत रंग पत्र्यावर पोहोचायच्या आतच हवेत सुकतो, पृष्ठभाग खरखरीत आणि फिका होतो. हळू उडणारा थिनर घ्या, पहाटे काम करा. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. त्या दिवसांत गन बाजूलाच ठेवलेली बरी.

डबा घेण्याआधी आरटीओ

हे पेंटरलाच काय, बऱ्याच मालकांनाही ठाऊक नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज इतर गाड्यांना ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई आहे. आरसीवरही गाडीचा रंग नोंदलेला असतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले, पण ती नोंदणी झाली म्हणजे रंगाची सूट मिळाली असं धरून चालू नका. जिल्ह्याच्या आरटीओत लेखी विचारा.

आमच्या जोंगाच्या मालकाला ती रस्त्यावर चालवायची होती. म्हणून बाहेरून आरसीवरचा पिवळा तसाच ठेवला. डॅशबोर्डच्या मागे आणि सीटच्या पेटीत पहिला हिरवा जुळवून दिला, आणि थर दाखवणारी एक खिडकी न बुजवता वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला. नमुन्याच्या पत्र्यामागे रंगाचं प्रमाण, थिनर आणि तारीख खिळ्याने कोरून तो पत्रा सीटखाली तारेने बांधून ठेवलाय.